जाळीआडची झोप

लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर चहूबाजूंनी ताणलेली अॅल्युमिनियमची बारीक जाळी, गादीखाली फॉईलचा थर किंवा चांदीच्या धाग्यांचं कापड, पायथ्याशी एकावर एक येणारे दोन पडदे आणि एका कोपऱ्यातून निघून भिंतीतल्या प्लगच्या अर्थिंगमध्ये गेलेली एक हिरवी तार. मच्छरदाणीच्या आकाराचा हा पिंजरा डासांसाठी नसतो. मोबाईलचे टॉवर, शेजाऱ्यांचे वायफाय, भिंतीतल्या वायरी यांच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रापासून रात्रीचे सात-आठ तास तरी सुटका व्हावी म्हणून तो बांधलेला असतो. युरोप-अमेरिकेत अशा तयार छत्र्या अनेक वर्षं विकल्या जात आहेत. ज्यांना त्यांची किंमत परवडत नाही ते घरीच सुतारकाम करतात. लागणारं कापड आता आपल्याकडेही मागवता येतं.

हा पिंजरा कुणी हौसेने बांधत नाही. बांधणाऱ्याला महिनोन्‌महिने झोप लागलेली नसते. डोकं ठणकतं, कानात आवाज येतो, छातीत धडधडतं, अंगावर चरचर होते. रक्त तपासून झालेलं असतं, स्कॅन झालेला असतो आणि कशातच काही सापडलेलं नसतं. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणत डॉक्टर गोळी लिहून देतात. घरातले आधी काळजी करतात, मग कंटाळतात. अशात कुणीतरी समोरच्या गच्चीवरच्या टॉवरकडे बोट दाखवतं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या दुखण्याला कारण मिळतं. कारण मिळालं की उपायही सुचतो. अशा माणसाला हसणं मला क्रूर वाटतं. पण त्याच्या पिंजऱ्याला होकार देणंही मला शक्य नाही, आणि माझा आक्षेप नेहमीच्या आक्षेपाहून वेगळा आहे. पिंजरा निकामी असतो म्हणून मी विरोध करत नाही. तो नीट बांधला तर काम करतो, आणि त्याचा खरा धोका त्यातच आहे.

आधी पिंजऱ्याच्या बाजूने जे खरं आहे ते सांगायला हवं. मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फूट लांबी-रुंदी-उंचीची एक चौकट उभी केली, तिला तारा आणि कथलाचा वर्ख लावला, बाहेरून यंत्राने तिच्यावर जबरदस्त विद्युतभार चढवला आणि ते स्वतः उपकरणं घेऊन आत जाऊन बसले. बाहेरच्या बाजूने ठिणग्या उडत होत्या. आत त्यांना विद्युतभाराचा मागमूसही सापडला नाही. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन बाहेरच्या क्षेत्राला उत्तर म्हणून सरकतात आणि आतल्या बाजूला त्याचा परिणाम पुसून टाकतात. रेडिओलहरींनाही हाच नियम लागू पडतो. मोबाईलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३३ सेंटीमीटर, वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची साडेबारा, ५जीच्या ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरीची साधारण साडेआठ. जाळीची भोकं यांच्या मानाने खूप बारीक असली की लहर पार जाऊ शकत नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातला बारीक भोकांचा पत्रा याच हिशेबाने बसवलेला असतो. जाडीचीही अडचण येत नाही. २.४ गिगाहर्ट्झची लहर अॅल्युमिनियममध्ये दोनेक मायक्रॉन आत शिरेपर्यंतच बरीचशी विरते, आणि स्वयंपाकघरातला फॉईल साधारण दहा मायक्रॉन किंवा त्याहून जाड असतो.

पिंजरा हरतो तो फटींमुळे. लहरीच्या निम्म्या लांबीची फट, मग ती रुंदीने कितीही बारीक असो, तिच्यातून लहर जवळजवळ विनासायास आत येते. वायफायच्या बाबतीत ही लांबी सहा सेंटीमीटर. नीट न मिटलेल्या पडद्याची कडा त्याला पुरते. खालची बाजू उघडी ठेवली तर खालच्या मजल्यावरच्या लहरी आत येतात आणि वरच्या जाळीवरून परत खाली फेकल्या जातात. कुणी सवयीने मोबाईल उशाशी घेऊन आत शिरला, तर टॉवरशी संपर्क साधण्यासाठी फोन आपली ताकद वाढवत नेतो आणि त्या लहरी धातूच्या भिंतींवर आदळत आतच फिरत राहतात. तरीही चिकाटीने फटी बुजवल्या, फोन बाहेर ठेवला, तर घरी बांधलेल्या पिंजऱ्यातही रेडिओलहरींची तीव्रता हजारपट कमी होऊ शकते. साधं मीटर आत नेलं की आकडे खाली येताना दिसतात.

घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राचं मात्र तसं नाही. या वारंवारतेला तांब्यातसुद्धा ते नऊ मिलिमीटरपर्यंत शिरतं. फॉईल, जाळी, चांदीचं कापड यांना ते जुमानतच नाही; त्याला अडवायला लोखंड-निकेलचे खास मिश्रधातू किंवा जाड पोलादी पत्रे लागतात. म्हणजे ज्यांना भिंतीतल्या वायरीची, मीटरच्या खोलीची किंवा ट्रान्सफॉर्मरची भीती वाटते, त्यांच्यासाठी ते चुंबकीय क्षेत्र पिंजऱ्याच्या आतही जसंच्या तसं असतं. खाट त्या भिंतीपासून दोन-तीन हात सरकवली तर जाळीपेक्षा जास्त फरक पडतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

खरे पिंजरे कसे असतात ते एमआरआयच्या खोलीत पाहावं. रुग्णाच्या शरीरातून येणारा क्षीण रेडिओसंकेत बाहेरच्या प्रसारणात बुडू नये म्हणून त्या खोलीच्या भिंती, छत आणि जमीन बहुधा तांब्याच्या पत्र्याने मढवलेली असतात, दाराच्या कडेने धातूच्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या असतात, काचेत जाळी असते, आत येणाऱ्या प्रत्येक वायरीला फिल्टर असतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. तिथे येणाऱ्या पाहुण्यांना मोबाईल बंद करायला सांगतात, कारण अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला संकेत खिशातल्या फोनपुढे टिकू शकत नाही. या दोन्ही ठिकाणी नाजूक यंत्राला लहरींपासून जपायचं असतं, आणि लहरीमुळे नक्की काय बिघडतं हे मोजून दाखवता येतं. शयनगृहातल्या पिंजऱ्यापाशी नेमका हाच प्रश्न उभा राहतो: आतल्या माणसाचं काय बिघडत होतं, आणि ते लहरींमुळे बिघडत होतं का?

या प्रश्नाचं उत्तर भौतिकशास्त्राच्या पुस्तकात नाही. ते माणसांना झोपवूनच शोधावं लागतं, आणि ते काम झालेलं आहे. जर्मनीत मोबाईलचं जाळं पोचलेलं नव्हतं अशी दहा ठिकाणं संशोधकांनी निवडली. तिथे एक फिरता प्रायोगिक टॉवर नेला. गावातले ३९७ लोक आपापल्या घरी, आपापल्या अंथरुणात झोपले. काही रात्री टॉवर चालू होता, काही रात्री नुसताच उभा होता, आणि कोणती रात्र कोणती हे झोपणाऱ्यांनाही माहीत नव्हतं आणि नोंद घेणाऱ्यांनाही. मेंदूच्या विद्युतनोंदी घेतल्या, सकाळी प्रश्नावल्या भरून घेतल्या. चालू आणि बंद रात्रींत झोपेचा फरक सापडला नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: ज्यांना टॉवरची काळजी वाटत होती त्यांची झोप खरोखर वाईट होती, टॉवर बंद असलेल्या रात्रींसुद्धा. त्यांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. यंत्रांनीही ती वाईट झोप नोंदवली.

ऑस्ट्रियात ग्राझच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी तर थेट पलंगाभोवतालच्या आवरणाचीच परीक्षा घेतली. झोपमोडीचा दोष लहरींना देणारे ४३ लोक त्यांनी निवडले आणि त्यांच्याच घरी त्यांच्या पलंगाभोवती आवरण लावलं. काही रात्री ते खरोखर लहरी अडवणारं होतं, काही रात्री दिसायला तसंच पण लहरींना मुभा देणारं. लहरी अडवल्यामुळे झोप सुधारते असा पुरावा मिळाला नाही; आपण आवरणात आहोत या जाणिवेने मात्र काहींना बरं वाटलं. लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या जेम्स रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आंधळ्या चाचण्यांचा आढावा दोनदा घेतला. २०१०च्या आढाव्यात ४६ प्रयोग आणि ११७५ माणसं होती. आपण लहरींना संवेदनशील आहोत असं सांगणाऱ्यांना लहर चालू आहे की बंद हे ओळखता येतं, किंवा खऱ्या लहरीनेच त्यांचा त्रास वाढतो, याचा भक्कम आधार त्यातून मिळाला नाही. रुबिन यांच्याच आधीच्या एका प्रयोगात नकली लहरीनेही डोकी दुखली होती, आणि काहींची इतकी की त्यांना प्रयोग अर्धवट सोडावा लागला. झोपेतल्या मेंदूच्या नोंदींत काही प्रयोगांत छोटे फरक दिसले आहेत, हे दडवायचं कारण नाही. पण त्या फरकांनी झोप बिघडते असं दिसलेलं नाही.

म्हणूनच पिंजऱ्याचं यश मला घातक वाटतं. माणूस तो बांधतो. मीटर सांगतं, लहरी गेल्या. फोन बाहेर ठेवलेला, खोलीत अंधार, नियमाने ठरलेल्या वेळी आत शिरणं, आपण काहीतरी केलं हा दिलासा. या सगळ्यामुळे झोप लागते. यातली प्रत्येक गोष्ट झोपेला पोषक आहे आणि त्यांपैकी एकीलाही जाळीची गरज नव्हती. पण सकाळी उठल्यावर श्रेय जाळीला जातं, आणि जाळीला श्रेय दिलं की जाळीबाहेरचं सगळं जग दोषी ठरतं. मग दिवसा ऑफिसात बसवत नाही. लोकल नको, मॉल नको, मुलीच्या शाळेचं संमेलन नको, कारण तिथे शेकडो मोबाईल असतात. बाहेर जितकं कमी जावं तितकी बाहेरची भीती वाढते, आणि भीती वाढली की बाहेर खरोखरच छाती धडधडते. तीच धडधड पुन्हा पुरावा म्हणून पुढे येते. रात्रीपुरता बांधलेला पिंजरा असा हळूहळू दिवसभराचा होतो.

याचं टोक अमेरिकेत दिसतं. वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीसाठी १९५८ साली सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचा शांतता-विभाग आखला गेला. रेडिओलहरींवर इतका कडक अंकुश दुसरीकडे क्वचितच असल्यामुळे लहरींनी आजारी पडतो असं मानणारे लोक घरदार, नोकरी, नातेवाईक सोडून तिथे राहायला गेले. काहींना तिथे बरं वाटलं, आणि त्यांचं बरं वाटणं मी खोटं म्हणत नाही. पण त्यासाठी त्यांनी जी किंमत मोजली ती ज्या निदानाच्या भरवशावर मोजली, ते निदान आंधळ्या चाचणीत टिकलेलं नाही.

इथे एक हरकत येते आणि ती मी गंभीरपणे घेतो. सिगारेटही एकेकाळी निरुपद्रवी म्हणूनच विकली गेली, अॅस्बेस्टॉसही. मग मोबाईल कंपन्यांच्या काळात विज्ञानावर विश्वास का ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली विजेच्या चुंबकीय क्षेत्राला आणि २०११ साली रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या २बी गटात ठेवलं, हे खरं आहे. त्या गटाचा अर्थ एवढाच की काही अभ्यासांत शंका आली आणि ती पुरती फेडता आली नाही. पुढे याच गटात कोरफडीच्या सबंध पानाचा अर्कही आला. त्यानंतरची वर्षं संशोधन थांबलेलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. शिवाय रेडिओलहरीच्या एका कणाची ऊर्जा रेणूतून इलेक्ट्रॉन हुसकवण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी असते. क्ष-किरणांसारखं नुकसान तिला करता येत नाही. कुणाला तरीही सावध राहायचं असेल तर त्यात गैर काही नाही: फोन उशाखाली ठेवू नये, लांबलचक बोलणं इअरफोनवर करावं. डोक्याला चिकटवलेला आपला स्वतःचा फोन दूरच्या टॉवरपेक्षा कितीतरी जास्त लहरी डोक्यात सोडतो.

पण या हरकतीत एक वेदना आहे आणि तिला उत्तर द्यायलाच हवं. शेजारच्या गच्चीवर टॉवर उभा राहतो तेव्हा समोरच्या खिडकीतल्या माणसाला कुणी विचारत नाही. भाडं त्या सोसायटीला मिळतं, काळजी याला. लपवाछपवीतून भीती कशी वाढते याचं मोठं उदाहरण मॉस्कोचं आहे. १९५३ सालापासून सोव्हिएत यंत्रणा अमेरिकी वकिलातीवर सूक्ष्मलहरींचा झोत सोडत होती. अमेरिकी सरकारला ते ठाऊक होतं, पण आपल्याच कर्मचाऱ्यांना त्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं नाही. १९७६ साली गोष्ट उघड केली आणि खिडक्यांना अॅल्युमिनियमच्या जाळ्या बसवल्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अब्राहम लिलियनफेल्ड यांनी १९७८ साली तिथल्या कर्मचाऱ्यांची तुलना पूर्व युरोपातल्या इतर वकिलातींतल्या लोकांशी केली. झोतामुळे झालेला अपाय सापडला नाही. मात्र आपल्याला अंधारात ठेवलं गेलं हा राग कुठल्याच अहवालाने शमणारा नव्हता.

आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली गेली. ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ०.४५ वॉट. २०१७ साली दूरसंचार खात्याने ‘तरंग संचार’ हे पोर्टल सुरू केलं. आपल्या परिसरातले टॉवर त्यावर पाहता येतात आणि शुल्क भरून घरी मोजणीही मागता येते. हे फार थोड्यांना माहीत आहे. माझ्या मते मोजणी फुकट व्हायला हवी, आणि टॉवर उभारण्याआधी समोरच्या घरांत जाऊन तिचे आकडे सांगितले पाहिजेत. मोजलेला आकडा शेजारच्या माणसाच्या हातात असेल, तर अनेक पिंजरे बांधलेच जाणार नाहीत.

आकडा मिळाला नाही की पोकळी बाजार भरून काढतो. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी मोबाईलचं प्रारण कमी करणारी म्हणून शेणाची चिप सादर केली. शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने ५जीपासून संरक्षण देतात म्हणून विकली जाणारी दहा उत्पादनं तपासली, तेव्हा ती स्वतःच किरणोत्सारी निघाली. त्यांत झोपताना डोळ्यांवर बांधायची एक पट्टीही होती. निरुपद्रवी लहरींना घाबरून लोकांनी खरोखर घातक किरणं रात्रभर अंगाशी धरली.

घरगुती पिंजऱ्याचा सगळ्यात तातडीचा धोका मात्र अर्थिंगच्या तारेत आहे. रेडिओलहरी अडवायला अर्थिंग लागतच नाही. ते लागतं ५० हर्ट्झच्या विद्युत क्षेत्रासाठी. आपल्याकडच्या जुन्या चाळींत, वाड्यांत, घाईने वायरिंग केलेल्या कितीतरी घरांत प्लगच्या अर्थच्या भोकाला मागे तारच जोडलेली नसते, किंवा वायरमनने तिथे न्यूट्रलच जोडून ठेवलेला असतो. न्यूट्रल कुठे तुटला, किंवा फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर त्या ‘अर्थ’वर २३० व्होल्ट येऊ शकतात. त्या क्षणी खाटेभोवतीची सगळी जाळी जिवंत असते आणि पावसाळ्यातल्या घामाने ओला झालेला माणूस तिच्या मध्यात झोपलेला असतो. दुसरी गोष्ट हवेची. जाळीतून वारा निदान येतो, पण फॉईलने सहाही बाजूंनी मढवलेल्या खोक्यात श्वासाची हवा कोंडते. तिसरी गोष्ट मदतीची: एकट्या राहणाऱ्या वृद्धाला रात्री छातीत कळ आली, तर त्याचा फोन आत चालेलच असं नाही.

ज्यांनी पिंजरा बांधला आहे किंवा बांधायच्या विचारात आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. आधी स्वतःची परीक्षा अशी घ्या की तिच्यातून ‘नाही’ हे उत्तरही येऊ शकेल. राउटर बंद कपाटात ठेवा. रोज रात्री घरातल्या दुसऱ्या कुणीतरी नाणं उडवून तो चालू किंवा बंद करावा, तुम्हाला न सांगता, आणि आपल्या वहीत लिहून ठेवावं. रात्री घरात कुणी इंटरनेट वापरू नये, नाहीतर गुपित फुटतं. सकाळी तुम्ही तुमच्या वहीत झोप कशी लागली ते लिहा. महिन्याभराने दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचा. जाळीचीही अशीच परीक्षा घेता येते: दिसायला सारखी दोन आच्छादनं, एक चांदीच्या धाग्याचं आणि एक साधं, बदलणारा माणूस दुसरा. वह्या जुळल्या तर तुमच्याकडे असं काही असेल जे शास्त्रज्ञांना अजून दाखवता आलेलं नाही, आणि ते त्यांच्यापर्यंत नेणं तुमचं कर्तव्य ठरेल. नाही जुळल्या, तर तुमचं दुखणं खोटं ठरत नाही. फक्त त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

ते शोधण्यात डॉक्टरांनी सोबत करायला हवी. ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे वाक्य माणसाला थेट सुताराच्या दुकानात पाठवतं. झोपेत श्वास अडकणं, थायरॉइड, नैराश्य, रात्री उशिरापर्यंत डोळ्यांवर पडणारा उजेड, ही सगळी कारणं तपासण्याजोगी आहेत. जुनाट निद्रानाशावर विचार आणि सवयी बदलणारी एक वर्तनोपचार पद्धत आहे, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली गोळ्यांच्याही आधी तीच द्यावी अशी शिफारस केली आहे. जाळीवर खर्च करण्याआधी डॉक्टरांकडे हा उपचार मागा, आणि त्यांनी नाही म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे मागा.